चढलेला सूर

"दार लावायचं, थिनर ओतायचं, आणि सूर चढेपर्यंत उठायचं नाही. का, ते विचारायचं नाही."

उस्ताद मेहबूबसाहेबांनी नियम सांगितला आणि चिंधी पुढं केली.

"का विचारायचं नाही?" तहसीननं विचारलं.

तिथं बसलेले तिचे दोघे चाचा एकमेकांकडं बघायला लागले. मिरजेच्या त्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तहसीन उस्तादांची पुतणी. रसायनशास्त्र शिकून आलेली, आणि तरी तंबोरेच घडवायचे म्हणून हट्टाला पेटलेली. आज उस्ताद तिच्या मनगटावर शागिर्दीचा गंडा बांधणार होते. पण त्याआधी शिष्यानं बंद खोलीत बसून थिनरनं जुन्या तंबोऱ्याचं पॉलिश उतरवायचं, ही घरची रीत. घासता घासता डोकं हलकं व्हायचं, कानांत गुणगुण सुरू व्हायची. मग बाहेर सगळे म्हणायचे, सूर चढला. पोर तयार झालं.

"दार उघडं ठेवलं की धूळ बसते," हुसेनचाचा म्हणाले.

"धूळ पुसता येते, चाचा. फुप्फुसं नाही पुसता येत."

"कॉलेजात हेच शिकवलं वाटतं, मोठ्यांना उलट बोलायचं?"

"नाही. ते मी घरीच शिकले."

धाकटे चाचा हसले आणि लगेच खोकले. खोकला बराच वेळ थांबेना.

"वापरलेलं थिनर कुठं ओतता?" तिनं विचारलं.

"मागं. लिंबाच्या बुडात."

"लिंब वाळलाय."

"कीड लागली त्याला."

"आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, तीही कीडच का?"

उस्तादांनी हात वर केला.

"बेटी, पन्नास वर्षं मला या खोलीत सूर चढतोय. माझ्या अब्बांना चढायचा. तो खोटा?"

"तुमचे हात खोटे नाहीत, बडे अब्बा. कान खोटे नाहीत. पण या खोलीत चढतो तो सूर नाही, थिनरची वाफ आहे."

"मग दाखव."

तहसीन उठली. आतला तंबोरा तिनं दोन्ही हातांनी उचलला, बाळाला घ्यावं तसा, आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवला. खोलीत फक्त थिनरचं भांडं उरलं.

"आता दार लावा आणि आत बसा. वाद्य नाही, तार नाही, घासायचं काम नाही. थोड्या वेळानं डोकं हलकं होईल. कान गुणगुणतील. सूर चढेल."

उस्ताद भांड्याकडं बघत राहिले...

"गंडा हवाय ना तुला?" हुसेनचाचांनी दरडावलं. "मग मुकाट आत बस!"

"हवाय. लहानपणापासून हवाय. बडे अब्बांच्याच हातून हवाय. पण त्यासाठी या खोलीत मी बसणार नाही. आणि माझ्यानंतर कुणाला बसूही देणार नाही. आज बांधला नाहीत तर उद्या येईन. उद्या नाही, तर परवा. अंगणात बसून काम मागत राहीन."

धाकट्या चाचांनी मान खाली घातली.

उस्ताद उठले. भांड्यावर झाकण ठेवलं. मग अंगणात आले आणि तिच्यासमोर, उघड्या जमिनीवर, मांडी घालायला वाकले...

"सांग बेटी. खरा सूर ऐकायचा, तर मी कुठं बसू?"