गार बासरी

"...म्हणजे खोट बासरीतच आहे ना, अप्पा?"

श्रीशैलनं पुन्हा विचारलं.

मल्लय्याप्पा शेगडीतले निखारे सारखे करत होते. हिरण्यकेशीच्या काठच्या मठात हे म्हातारे जंगम बासरी शिकवायचे, आणि उत्तर द्यायची घाई त्यांना जन्मात कधी झाली नव्हती. पौषाची सकाळ होती. त्यांच्या अंगावर घोंगडं होतं.

"काल सगळ्यांदेखत उतरली," श्रीशैल म्हणाला. "अशी बासरी घेऊन मी बसायचं तरी कसं? मला दुसरी द्या."

"काल तर तू म्हणालास, तंबोरा चढलाय."



झालं होतं ते असं. दर सोमवारी पहाटे मठात बैठक असते. अप्पांची थोरली बहीण शिवक्का तंबोऱ्याला बसते. परकर नेसत होती तेव्हापासून तिची बोटं त्या तारांवर आहेत. काल पुण्याहून पाव्हणे आले होते आणि वाजवणार होता श्रीशैल. गड्याचा हात तयार, आणि तोंड त्याहून तयार. एरवी तासभर रियाज करून मगच तो बैठकीला यायचा. काल मात्र सगळा वेळ नव्या झब्ब्याच्या इस्त्रीत गेला. रात्रभर खिडकीत पडलेली बासरी त्यानं उचलली आणि थेट बैठकीत येऊन ओठाला लावली.

पहिलाच षड्ज तंबोऱ्याच्या खाली पडला.

दुसरा कुणी असता तर थांबला असता. हा म्हणाला, "अक्का, तंबोरा चढलाय तुमचा. उतरवा जरा."

शिवक्कानं मुकाट खुंट्या पिळल्या. वाद घालायचा तिचा स्वभावच नाही. वादन सुरू झालं, जरा रंगलं, आणि बघता बघता बासरी तंबोऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली.

"आता एवढा खाली कशाला नेलात?" श्रीशैल भर बैठकीत म्हणाला. "अक्का, लक्ष कुठाय?"

पाव्हण्यांतलं कुणीतरी हसलं. मग गावातलेही हसले. शिवक्का खुंट्यांशी झटत राहिली. बैठक कशीबशी उरकली. तिनं तंबोऱ्याला गवसणी घातली आणि ती आत निघून गेली.

तो तंबोरा आता कोपऱ्यात उभा होता. अप्पांनी त्याची गवसणी काढली, तारा आपल्या नेहमीच्या जागी आणल्या आणि छेडल्या.

"लाव षड्ज."

श्रीशैलनं फुंकलं. सूर खाली पडला.

"बघा. सांगत नव्हतो?"

"सूर कुठनं येतो, श्रीशैल?"

हे म्हणजे पाठ केलेलंच विचारलं. "बांबूच्या जातीवर असतं, अप्पा. साल किती जाड आहे, भोकं कुठं पाडलीत, फुंकर कशी..."

"सगळी भोकं झाक. फुंक."

खालचा सूर आला.

"आता एकेक उघड."

सूर पायरी पायरीनं वर गेला.

"बांबू कापलास?"

"नाही."

"मग आखूड काय झालं?"

श्रीशैल बासरीकडे बघत राहिला. "...आतली हवा."

"हां. लांब असली की खाली बोलते, आखूड झाली की वर बोलते. बांबू म्हणजे तिच्या घराच्या भिंती. भिंती कुठं गातात?"

अप्पांनी हात पुढं केला. बासरी घेऊन घोंगड्याच्या आत, पोटाशी धरली आणि डोळे मिटून बसले. बैठकीआधी ते रोज असेच बसत. श्रीशैल त्यांच्या मागं सोबत्यांत याची नक्कल करायचा, की म्हातारा बासरीला पोटाशी घेऊन अंगाई म्हणतो.

शेगडीत कोळसा तडकला.

पुष्कळ वेळानं अप्पांनी बासरी परत दिली. "घे. फुंक."

षड्ज तारेवर जाऊन बसला. केसाएवढीही फट राहिली नाही.

"लांबी तीच," अप्पा म्हणाले. "भोकं तीच. ओठ तुझेच..."

श्रीशैलच्या हाताला बासरी ऊन लागत होती. काल पहाटे ती बर्फासारखी लागली होती, हे त्याला आत्ता आठवलं. आतली हवा गार होती म्हणून सूर उतरला. फुंकून फुंकून ती ऊन झाली म्हणून चढला. आणि तंबोरा...

"तंबोरा जागेवर होता," तो म्हणाला.

अप्पांनी मान हलवली.

श्रीशैलची कानशिलं तापली. भर बैठकीत कुणाला काय बोललो, ते शब्दन् शब्द आठवलं, आणि धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"अक्का फार रागावल्या असतील."

"रागावली असती तर बरं होतं." अप्पा निखाऱ्यांकडे बघत म्हणाले. "काल म्हणाली, 'मल्लय्या, कान गेले रे माझे. तंबोऱ्याला आता दुसरं कुणी बघ.' तिनं तुझं खरं मानलंय, लेका."

श्रीशैल उठला तो थेट सोप्यात गेला. शिवक्का सुपात जोंधळे निवडत होती. त्यानं तिचे पाय धरले.

"अक्का, चूक माझी होती. बासरी गार होती. तुमचे कान शाबूत आहेत."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मल्लय्यानं पाठवलं ना तुला? गुणाचं पोर आहेस. म्हाताऱ्या माणसाचं मन राखतोस."

"खरंच सांगतोय, अक्का."

"असू दे, बाळ. वय झालं की व्हायचंच." आणि ती पुन्हा खडे वेचू लागली.

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. तो मान खाली घालून परत आला.

"त्यांना पटत नाही, अप्पा."

"लोक कुठं हसले होते?"

"...बैठकीत."



पुढच्या सोमवारी अप्पांनी शिवक्काला हाताला धरून आणलं. "एवढ्या वेळेपुरती बस," म्हणाले. ती बसली, पण चोरासारखी.

श्रीशैल बाहेर दगडी पायरीवर होता. गावकरी येत होते. मागच्या खेपेला हसलेलेही त्यात होते. बासरी गारठली होती, आणि त्याचा हात आपसूक तिला शालीत ओढायला लागला. जरा वेळ काखेत धरली तर कुणाला कळणार होतं? सूर लागला असता, वाहवा झाली असती, अब्रू राहिली असती.

त्यानं बासरी शालीतून काढली आणि दगडावर ठेवली. सगळे आत जाऊन बसेपर्यंत ती तिथंच राहिली.

मग त्यानं आत येऊन फुंकलं.

सूर उतरला. चांगलाच उतरला. बैठक चुळबुळली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आजही तेच?"

शिवक्काचा चेहरा पडला. तिचा हात खुंटीकडे गेला.

श्रीशैलनं बासरी खाली ठेवून तो हात धरला.

"अक्का, राहू द्या. तंबोरा जागेवर आहे. गेल्या सोमवारीही जागेवरच होता." त्याला कुणाकडे बघवत नव्हतं. "उतरलोय तो मी. गार बासरी घेऊन आलो होतो आणि दोष तुम्हाला दिला. तुम्ही छेडत राहा... मी येतो वर."

कुणी हसलं नाही.

त्यानं राग नाही, आलाप नाही, नुसता एकच सूर धरला आणि सगळ्यांसमोर फुंकत राहिला. बेसूर. लाजेनं घाम फुटला होता आणि बासरी काही केल्या लवकर तापत नव्हती. लोक ऐकत होते. सूर मुंगीच्या पावलानं वर सरकत होता.

शिवक्कानं आधी भावाकडे बघितलं, मग डोळे मिटले. मान जराशी कलली.

"अजून," ती पुटपुटली.

तो फुंकत राहिला.

"अजून थोडा... थोडा..." आणि श्रीशैलला स्वतःला कळायच्या आत ती म्हणाली, "आता. आता लागला."

लागला होता.

बैठक झाली. लोक गेले. शिवक्कानं तंबोऱ्याला गवसणी घातली नाही. मांडीवर तसाच घेऊन ती तारा छेडत बसली.

श्रीशैल अप्पांजवळ आला. बासरी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि डोळे भरले होते.

"अप्पा, मेल्याहून मेल्यासारखं झालं आज. पण कायमची अद्दल घडली. आता माझी बासरी पुन्हा म्हणून उतरायची नाही."

अप्पांनी त्याच्या हातातून बासरी काढून घेतली. खिडकीपाशी गेले, आणि बाहेरच्या दगडावर ठेवून दिली.

"गार होऊ दे," ते म्हणाले. "उद्या पुन्हा ऊन करायचीय."