मुका कडा

फार फार वर्षांमागे डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथे सोमजी नावाचा वाटाड्या राहत असे. कोणतं पाखरू कुठे बसतं, कधी बोलतं, सारं त्याला तोंडपाठ. लोक लांबून येत आणि त्याच्या मागोमाग रान हिंडत.

एका चैत्रात राणीसाहेब पाखरं पाहायला आल्या. भर दुपारी वाटेत काळा कडा लागला. दगड तापलेला, चिटपाखरू नाही.

"याला मुका कडा म्हणतात ते उगाच नाही," राणी म्हणाली. "फोडा हा. तटाला दगड होईल."

सोमजीने हात जोडले. "राणीसाहेब, वर्षभर दम धरा. मी बोलावीन तेव्हा या. कडा रिताच निघाला, तर पहिला घण मी घालीन."

राणीला गंमत वाटली. ती कबूल झाली.

श्रावणात सोमजीने निरोप धाडला. राणी आली तेव्हा धुक्यात हातभर लांबचं दिसेना. इतक्यात कड्यावरून कुणीतरी लांबलचक शीळ घातली.

"कोण रे तो उनाड?" राणीने दरडावलं.

"माणूस नव्हे, कस्तूर पक्षी आहे तो!"

राणी चिखल तुडवत आवाजामागे धावत सुटली!

माघात राणी ती शीळ ऐकायलाच आली. कडा गप्प. ती रुसली.

"आता कान नको, डोळे लावा," सोमजी कुजबुजला. उंच कपारीत गिधाडीण पिलाला घास भरवत होती.

"यांना मी अशुभ म्हणायचे," राणी पुटपुटली. "ही तर आई आहे!"

मग तिने हट्टच धरला. "पुन्हा चैत्रात येणार. भर दुपारीच!"

चैत्रात कड्यावर काही नसतं, असं सोमजीही मानत आला होता.

ठरल्या दिवशी दोघं कुसुंबाच्या सावलीत बसली. सूर्य कलला. सोमजीने मान खाली घातली. अचानक राणीने त्याचा दंडच धरला.

"सोमजी! त्या दगडाने डोळे उघडले!"

दगडाच्याच रंगाचं भलंमोठं घुबड! निखाऱ्यासारखे डोळे, आणि मागे कापसाच्या बोंडांसारखी दोन पिलं.

सोमजी हसता हसता रडू लागला. "चाळीस वर्षं या वाटेने गेलो, राणीसाहेब. आज पाहिलं!"

कडा फोडायला बोलावलेल्या पाथरवटांना राणीने माघारी धाडलं. कडा वाचला. तेव्हापासून सोमजी पाहुण्यांना एवढंच सांगे, "काय दिसेल ते मलाही ठाऊक नाही. चला लवकर!"

म्हणून लहानथोरहो, एका भेटीत कुणालाही रितं ठरवू नये.