सिंहाची शेपटी

फार जुन्या काळातली तीन मार्चची सकाळ. धुके होते आणि बर्फ वितळत होते. युरोपात दोन बड्या राजांच्या कचाट्यात सापडलेल्या एका चिमुकल्या राज्यात नवा ड्यूक आला होता. वेशीच्या कमानीतल्या मधल्या दगडावर आधीच्या ड्यूकच्या राजचिन्हातला गरुड कोरलेला होता. तो तासून तिथे सिंह कोरायचा हुकूम सुटला.

छिन्नी टेकताच दगड कंटाळून म्हणाला, “आलीस पुन्हा? अगं, गरुडाआधी माझ्यावर सिंहच होता की!”

“त्याची शेपटी खाली होती. यांना वर हवीय.”

“शेपटीसाठी मला सोलणार? किती ड्यूक आले नि गेले, प्रत्येकाने तासलं. आता पाटीएवढा पातळ उरलोय मी, आणि अख्खी कमान माझ्यावर टेकलीय. सांग ना त्यांना.”

“माझं हातोडासुद्धा ऐकत नाही, बाबा. ड्यूक कुठला ऐकतोय!”

दगडाने सुस्कारा सोडला. “बरं, कोर. पण शेपटी शेवटी घे.”

संध्याकाळी शेपटी कोरताना दगड दुभंगला. कमान कोसळली आणि वेशीचे दरवाजे तिच्याखाली मोडले. अकरा मार्चला त्या दोन बड्या राजांपैकी एकाचे सैन्य त्या उघड्या वेशीतून आत शिरले.