चुलीच्या मातीची मुलगी

पूर्वी काशीराष्ट्रात वसुदत्त राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराच्या वेशीबाहेर, कुंभारांच्या वस्तीत जन्मला होता. त्याचा हात चांगला होता आणि जीभ गोड. त्याची बायको अनुला हिचा हात त्याहून चांगला होता. जिभेचे मात्र विचारू नये.

दोघांना मूल नव्हते. राजाने एका दरोडेखोराला सुळी दिले, तेव्हा त्याची तान्ही मुलगी वेशीवर रडत राहिली. तिला कोणी शिवेना. बोधिसत्त्वाने तिला मातीच्या पाटीत घालून घरी आणले. अनुलेने आधी कपाळावर हात मारला, मग पदर पुढे केला. मुलीचे नाव ठेवले शोणा.

शोणा वाढू लागली तशी वस्तीची झोप उडाली. भीती म्हणून तिला ठाऊक नव्हती. कोणी रागावले की ती पोट धरून हसे. पाच वर्षांची असताना ती वाळत घातलेल्या कच्च्या मडक्यांवरून धावली. पंधराव्या वर्षी तिने कुंभारांच्या प्रमुखाच्या मुलाला मातीच्या खड्ड्यात ढकलले. खोड त्यानेच काढली होती; पण त्याला वर ओढून तिने पुन्हा एकदा ढकलले!

"खाण तशी माती," लोक म्हणत. "बाप, आजा, पणजा, सगळे दरोडेखोर. रक्त कुठे जाईल?"

बोधिसत्त्व ते नाकारीत नसे. "माती खाणीचीच असते," तो अनुलेला म्हणे. "हिच्यात वाळू जास्त आहे. तू हिचा पाण्याचा घडा करायला बघतेस, म्हणून रडतेस. अगं, वाळूची माती चुलीवरच्या भांड्याला लागते. विस्तवावर तीच टिकते."

शेवटी प्रमुखाने सांगितले, पोरीने वस्ती सोडावी. बोधिसत्त्व हात जोडून म्हणाला, "जायचंच तर हिला आपली मडकी घेऊन रानापलीकडच्या बाजारात जाऊ दे." लुटारूंच्या भीतीने तीन वर्षे तिकडे कोणी फिरकले नव्हते आणि अंगणे मडक्यांनी भरली होती. प्रमुख म्हणाला, "विकून आली तर राहील."

वीस गाढवे निघाली. अनुलाही निघाली, मुलीला एकटी सोडणारी ती नव्हे.

भर दुपारी लुटारूंनी वाट अडवली. म्होरक्याने भाला रोखला. शोणेने भाल्याकडे पाहिले, गाढवांवरच्या मडक्यांकडे पाहिले आणि ती पोट धरून हसू लागली. "मडकी लुटणार? पळताना फुटतील की हो!"

म्होरक्याचा भाला खाली आला. "हे हसू आमच्या घरचं," तो म्हणाला. "माझा भाऊ सुळी जाताना असाच हसला होता. पोरी, मी तुझा चुलता, चंडक. चल आमच्यात, टोळीची नायकीण होशील. त्या वस्तीत तुला कोण विचारतं?"

शोणेचे डोळे चमकले. अनुलेने ते पाहिले आणि तिच्या हातातली दोरी सुटली.

शोणा चुलत्याच्या पाया पडली. "काका, माती तुमचीच. हसू तुमचं, छातीही तुमची. पण मला भाजलं या माउलीने. भाजलेलं मडकं पुन्हा माती होत नाही." मग ती म्हणाली, "आता नातं सांगितलंत, तर हातही लावा. गाढवं दमलीत."

चंडकही पोट धरून हसला. अनुला मोठ्याने रडत होती आणि रडता रडता ओरडत होती, "मडकी हळू धरा रे मेल्यांनो!"

सहाव्या दिवशी मडकी विकून शोणा अनुलेसह परतली, मागे धान्याची पोती पाठीवर घेतलेले लुटारू. प्रमुख वेशीपर्यंत सामोरा आला. पुढे चंडकाची टोळी त्या वाटेची राखणदार झाली. त्या दिवशी बोधिसत्त्व मात्र चुलीपाशीच होता. वाळूच्या मातीच्या मोठ्या भांड्यात सगळ्यांसाठी पेज रटरटत होती.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता, भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, संघात सर्वांआधी हसते ती भिक्षुणी म्हणजे तेव्हाची शोणा. आपल्याला रोज ताक वाढणारी आणि रोज रागावणारी उपासिका म्हणजे अनुला. चंडक आज विहाराचे दार राखतो. काल ज्याने या भिक्षुणीचे कूळ विचारले आणि आता मान खाली घातली आहे, तो तेव्हाचा प्रमुख. कुंभार मीच होतो. आणि हा गुण क्षांतीचा, म्हणजे धीराचा: भाजणीचा आवा निवायच्या आत मडके वाजवून पाहू नये."