खुर्चीवरचा पाहुणा

एकदा एक गोरा माणूस पुलाच्या कामावर थायलंडात गेला आणि तिथल्याच एका मुलीत त्याचा जीव अडकला. मुलीचं नाव सुमाली. नाव ऐकून आपल्यातलीच कुणी वाटावी. तिकडं अशी नावं पुष्कळ. बाप नदीवर मासे धरायचा, आई ते खारवून विकायची. गोऱ्यानं निश्चय केला, की या मुलीला मागणी घालायची ती तिच्या बापाच्याच भाषेत. मध्ये दुभाष्या नको.

निश्चय चांगला होता. पण चांगल्या निश्चयानं माणूस जेवढा आंधळा होतो तेवढा दारूनं होत नाही.

गावात एक वृद्ध शिक्षक होते. तिकडं शिक्षकाला 'आचान' म्हणतात. आपला आचार्यच तो, वाटेत झिजून तेवढा उरला. गोरा त्यांच्या पायाशी बसला. आचानांनी त्याला बाजारातलं बोलणं शिकवलं, मठातलं शिकवलं, थोरांशी कसं बोलावं, धाकट्यांशी कसं, तेही शिकवलं. ती भाषा गाण्यासारखी वरखाली होते. सूर चुकला की अर्थ गेला. पण गोरा मेहनती. वर्ष सरता सरता तो असा बोलू लागला, की भिंतीआडून ऐकणाऱ्याला तो परका वाटू नये.

आणि मग एक दिवस, गुरूला न विचारता, तो एकटाच सुमालीच्या घरी जाऊन आला. त्यानंतर आठवडाभरानं तो आचानांच्या ओसरीवर येऊन धपकन बसला.

"आचान, मी सगळं बिनचूक बोललो हो!"

"काय बोललास?"

"म्हणालो, मला आपली मुलगी आवडते. तिच्याशी लग्न करायची इच्छा आहे. आपली संमती आहे की नाही, ते स्पष्ट सांगावं."

आचानांनी हातातला चहा खाली ठेवला. "स्पष्ट सांगावं, असं म्हणालास?"

"हो. अगदी आदरानं."

"मग?"

"मग ते हसले. मला खुर्ची दिली. पंखा माझ्याकडं वळवला, थंड बाटली फोडली. म्हणाले, आपली भाषा फारच शुद्ध आहे, जेवून जावं. मी आनंदानं नाचत परत आलो. आणि आता कळतंय, दुसऱ्याच दिवशी सुमालीला मावशीकडं धाडलंय, दूर शहरात. मावशी आजारी म्हणे! आचान, मी त्यांच्याकडं जेवत होतो तेव्हा तीच मावशी फोनवर माझी टिंगल करत होती. ठणठणीत होती बाई!"

"मावशी बरी होईल," आचान म्हणाले. "पण औषध तुझ्याकडं आहे."

"पूल संपत आला. सुमाली मिळाली नाही तर महिनाअखेर मला परत जावं लागेल. आजच तिच्या घरी जातो. चुकलं असेल तर क्षमा मागतो. तुम्ही शिकवलेलं क्षमेचं सगळं बोलणं मला तोंडपाठ आहे."

"तू आता काही मागू नकोस. उद्या माझ्याबरोबर चल. अट एकच. तिथं तोंड उघडायचं नाही."

"एक शब्दही नाही?"

"खोकला आला तर खोक."

गोऱ्याला राग आला. येणारच. ज्यानं बोलायला शिकवलं त्यानंच ऐन वेळी तोंडाला कुलूप लावावं, हा कुठला न्याय? पण दुसरा मार्ग नव्हता. सकाळी पांढराशुभ्र सदरा घालून तो मागोमाग निघाला.

त्या बाजूची जुनी घरं लाकडी खांबांवर उंच बांधलेली असतात. खाली मोकळी सावली. तिथं सुमालीचा बाप बांबूच्या बाजेवर बसून मासे साफ करत होता. शेजारी मातीच्या बरण्या होत्या. आपल्याकडं लोणच्याच्या असतात तशाच, पण गुडघ्याच्या वर येतील एवढ्या. मासा, मीठ आणि भाताचा कोंडा त्यांत भरून महिनोन्‌महिने मुरवतात. वास असा, की नवख्याचा जीव नाकात यावा.

गोऱ्याला बघताच बाप हसला आणि खुर्ची आणायला उठला. आचानांनी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. स्वतः बाजेवर चढले, एक सुरी उचलली आणि समोरचा मासा खवलू लागले. गोऱ्याला त्यांनी खाली चटईवर बसायची खूण केली. तो बसला. गुडघे कुठं ठेवावेत, हे त्याला कळेना.

"यंदा पाणी चढलं बरंच," आचान म्हणाले.

"चढलं. मासाही आला."

"इतका मासा आणि हात दोघांचेच?"

"हात मिळतात हो, आचान. टिकत नाहीत." बापानं मान वर केली नाही. "बाहेरचे येतात, झाकण उघडतात, वास घेतात, फोटो काढतात, जातात. झाकण उघडंच. मग आत अळ्या पडतात त्या आम्ही बघायच्या."

"खरंय. मुरायला वेळ लागतो."

"ज्याला थांबता येत नाही त्यानं झाकणाला हातच लावू नये."

"काही थांबतातही," आचान म्हणाले. "सुरुवातीला बडबडतात फार. जाळ्यात मासा यायच्या आतच भाव विचारतात. पण थांबतात."

आई वरून जिन्यानं मिठाचं घमेलं घेऊन उतरली. "बडबड्या चालतो," ती म्हणाली. "घुम्याबरोबर तर मी जन्म काढतेय!"

दोघं म्हातारे हसले. गोरा हसला नाही. त्याला शब्द न्‌ शब्द कळत होता, आणि लग्नाचं नाव कुणी काढत नव्हतं. पाणी झालं, मीठ झालं, शेजाऱ्याच्या म्हशीचं पोट झालं. ऊन वर आलं. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि दोनदा आचानांनी त्याच्याकडं न बघताच नुसतं खाकरून ते बंद केलं.

ऊन सरकत सरकत भरलेल्या एका बरणीवर आलं. बापाचे हात माशाच्या आतड्यात होते. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि हनुवटीनंच खूण केली.

"ए, ती बरणी सावलीत ओढ."

गोरा दचकून उठला. बरणीला मिठी मारली आणि ओढली. झाकण हललं, खारं काळं पाणी उसळून थेट पांढऱ्या सदऱ्यावर.

"अरे हळू! पालथी घालशील सगळी!" आई ओरडली. "एवढा ताडासारखा वाढलाय आणि बरणी धरता येत नाही! खालून धर, खालून!"

त्यानं खालून धरली. मग दुसरी ओढली, मग सांगितल्याशिवाय तिसरी.

निघताना बाप आचानांना म्हणाला, "मावशीकडं निरोप धाडायला हवा. तिला आता बरं वाटत असेल तर पोरीला परत पाठव म्हणावं. इथं मीठ लावायला माणूस कमी पडतंय."

"धाडा," आचान म्हणाले. "आणि उद्या पहाटे जाळं काढायला?"

"बघू," असं म्हणून बापानं पुढचा मासा घेतला.

वाटेत गोरा भडकला. "सबंध दिवस तुम्ही मासे आणि म्हशी बोलत बसलात! माझं काय? विचारलंही नाहीत!"

आचान बांधावर थांबले. म्हणाले, "पहिल्यांदा गेलास तेव्हा तुला काय दिलं?"

"खुर्ची. पंखा. थंड बाटली."

"तो नकार होता. बाबा, तू त्याला तोंडावर 'हो की नाही' विचारलंस. त्यानं 'नाही' म्हटलं असतं तर तुझी मान खाली गेली असती. 'हो' म्हटलं असतं, तर पोर कुणाच्या हाती दिली, हे न बघता दिली असती. तू त्याला उभं राहायला जागाच ठेवली नाहीस. म्हणून त्यानं पोरीलाच इथून हलवलं. इथं स्वतःचं मागणं स्वतः मागत नाहीत. आपल्या मागं कुणी थोर आहे, हे आधी दाखवायचं असतं. आज मी विचारलं. हात कमी पडतात का, असं विचारलं. त्याला भीती होती, की तू झाकण उघडून निघून जाशील. मी म्हणालो, हा थांबतो. मी तुला शब्द शिकवले, आणि शब्दांनी तू त्याच्या दारापर्यंत पोचलास. दाराच्या आत माणूस कामानं जातो."

"आणि त्यांनी उत्तर काय दिलं?"

आचानांनी गोऱ्याच्या सदऱ्याकडं बघितलं. मग गोऱ्यानंही बघितलं. खाली वाकून त्यानं तो ओला, खारट, असह्य वास घेतला आणि बांधावरच उभा राहिला. पाहुण्याला कुणी "ए" म्हणत नाही. पाहुण्यावर कुणाची आई ओरडत नाही.

आपल्याकडं जावयाला पाटावर बसवतात आणि जन्मभर पाहुणाच ठेवतात. तिकडं जावई सासऱ्याच्या घरी राबतो, आणि राबता राबता घरचा होतो. कुठली रीत चांगली, हे मी सांगणार नाही. तुमच्या घरी जावई असेल, तर तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोरा एकटाच नदीवर गेला. बाप होडीत बसून जाळं सोडवत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"उशीर केलास."

क्षमा मागायच्या जितक्या तऱ्हा असतात तितक्या गोऱ्याला येत होत्या. त्यानं त्यातली एकही काढली नाही. पाण्यात उतरला आणि जाळ्याचं दुसरं टोक धरलं.

तुम्ही ज्या घरी जाता तिथं तुम्हाला कुणी काम सांगतं का, तेवढं बघा. सांगत नसतील, तर तुम्ही अजून खुर्चीवरच आहात.