गैरहजरांचा पाट

फार फार वर्षांमागे एक राज्य होतं. त्याच्या राजधानीत ना शेती होती, ना खाणी, ना बंदर. तिथे माणसं नुसती बोलत. सकाळी राजवाड्याच्या पायऱ्यांवर, दुपारी प्रधानांच्या ओसरीवर, संध्याकाळी तळ्याकाठच्या पारावर. कुणाला मिठावरचा कर हलका करून हवा असे, कुणाला जंगलातली वाट मोकळी हवी असे, आणि जो तो आपलं काम राज्याच्या भल्याचंच आहे असं सांगे. स्वतःच्या पोटासाठी बोलतोय असं कबूल करणारा माणूस त्या शहरात औषधालाही सापडला नसता.

राजा मात्र वाईट नव्हता. त्याच्या आजोबांनी एक चाल घालून दिली होती, ती तो इमानाने पाळत असे. दरबारात एक पाट जादा मांडलेला असे. त्याला म्हणत गैरहजरांचा पाट. कोणताही हुकूम काढण्याआधी राजा त्या पाटाकडे वळून विचारी, "जे इथे आलेले नाहीत, ते काय म्हणाले असते?" पाटावरचा माणूस उभा राहून सांगे. त्याच्या सांगण्यावर कुणी वाद घालायचा नाही, असा नेम होता.

त्या माणसाला बंधनं दोनच होती. कुणाकडून सुपारीचं खांडदेखील घ्यायचं नाही, आणि वर्षातले चार महिने गावोगाव पायी हिंडायचं.

आपली गोष्ट सुरू होते तेव्हा या पाटावर निंबाजी बसत होता. निंबाजी घाटाच्या वरच्या सात गावांपैकी एका गावचा. अंगाने किरकोळ, बोलायला सडेतोड. पहिल्या वर्षी तो टाचा फुटेस्तोवर हिंडला आणि दरबारात असं काही रोखठोक बोलला, की मेंढपाळांवरचा चराईचा कर राजाने तिथल्या तिथे काढून टाकला. व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे रेशमी पागोटं पाठवलं, ते त्याने परत केलं. तुपाचा बुधला पाठवला, तो दारातूनच माघारी गेला. हा गडी आपल्या हाती लागायचा नाही, असं म्हणून व्यापाऱ्यांनी हात टेकले.

राजधानीतल्या कोठारवाल्यांचा कारभारी तेवढा हसला. "तुम्ही त्याला काहीतरी द्यायला जाता," तो म्हणाला, "म्हणून तो नाही म्हणतो. मी त्याच्याकडून घेऊन येतो बघा."

आता या कोठारवाल्यांना काय हवं होतं, ते आधी सांगतो. घाटावरच्या सात गावांत पेवं होती. पेव म्हणजे मुरमात खणलेला खोल खड्डा, घागरीसारखा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. सुगी झाली की त्यात धान्य भरायचं आणि वर शिळा ठेवून माती लिंपायची. पावसाळ्यात चार महिने घाट बंद पडे, तेव्हा सातही गावं त्या पेवांवर जगत. कोठारवाल्यांचं म्हणणं असं, की पेवं बुजवावीत, धान्य खाली राजधानीच्या कोठारांत आणावं आणि लागेल तसं आमच्या गाड्यांनी वर पाठवावं. म्हणजे सात गावांच्या तोंडचा घास यांच्या हातात राहिला असता.

कारभारी रिकाम्या हातांनी निंबाजीकडे आला. पारावर त्याच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "निंबाजीराव, मला काही मागायचं नाही. तुमच्या मुलखाविषयी ऐकायचंय फक्त."

राजधानीत येऊन निंबाजीला वर्ष झालं होतं. एवढ्या दिवसांत त्याला कुणी हे विचारलं नव्हतं. सगळे आपलंच सांगायला येत. निंबाजी बोलू लागला आणि कारभारी ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशीही तो आला, तिसऱ्या दिवशीही. महिन्याभराने निंबाजीने त्याला जी गोष्ट आजवर कुणालाच सांगितली नव्हती, ती सांगितली. वीस वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ पेव उघडून आत उतरला होता. पेवात कोंडलेली हवा विषारी असते. भाऊ आत गेला तो पुन्हा बोललाच नाही. आणि दोर धरायला वर निंबाजी उभा होता.

कारभाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, लबाडीचं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. लबाडीचं असतं तर निंबाजीने लगेच ओळखलं असतं.

"दरसाल कुठल्या ना कुठल्या गावात एखादा असा जातो म्हणता?" कारभाऱ्याने हळूच विचारलं. "मग हे पेव म्हणायचं की थडगं?"

हा शब्द निंबाजीच्या मनात रुतला. पुढे कित्येक दिवस तो तेच घोळवत होता.

पुढच्या साली हिंडायला निघायची वेळ आली, तेव्हा निंबाजीच्या पायाला जखम होती. कारभारी म्हणाला, "या पायाने घाट चढू नका हो. तुमच्या गावची माणसं इथे येतातच की. मी त्यांना तुमच्याकडे घेऊन येतो." आणि तो खरंच घेऊन आला. डोंगरातलेच गाडीवान, हमाल, राजधानीत बिऱ्हाड केलेले दोन-चार सुखवस्तू लोक. त्यांना कुणी पढवलेलं नव्हतं. पण ज्यांना राजधानीचं राहणं पटलं होतं तेच राजधानीत आले होते, आणि त्यांना पेवं नकोशीच वाटत होती. निंबाजीने सगळ्यांचं मन लावून ऐकलं आणि आपण गावाचं ऐकलं असं त्याला वाटलं. त्याच्या पुढच्या साली पाय बरा झाला होता, तरी तो गेला नाही.

पेवांची गोष्ट दरबारात निघणार, ही बातमी कुणा गाडीवानाकडून वर पोचली. तेव्हा फाल्गुन चालू होता. सहा दिवस चालून एक बाई राजधानीत आली. ती गोजराबाई, निंबाजीच्या त्याच भावाची बायको. निंबाजी घाईने उठला, वहिनीला पाणी दिलं, घोंगडी अंथरली.

गोजराबाई बसली आणि थेट मुद्द्यावर आली. "भावजी, पेवं बुजवायचं घाटतंय म्हनं. तसं करू नगा."

"वहिनी, तुम्ही म्हणता हे? दादा कशाने गेला ते विसरलात?"

"मी कशी इसरंन? म्हनून तर उपाय काढलाय. शिळा काढली की दीस मावळंपतुर त्वांड उघडंच ठिवायचं. मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा इझला, तर मानूस उतरायचा न्हाई. जळत ऱ्हायला, तर उतरायचा. दोन सालं झाली, मी सात बी गावांत हे शिकवत हिंडतीया. दोन सालांत एक मानूस गेला न्हाई."

दोन वर्षांत निंबाजी एकदा जरी वर गेला असता, तर हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं. पण आता त्याच्या मनात दुसरंच काही उसळलं. एक दिवा पुरणार होता, तर दादा वाचला असता. दोर धरून उभं राहण्याआधी आपण एक दिवा आत सोडला असता, तर दादा वाचला असता. हे त्याला सोसवेना. पेवच खुनी असणं त्याला बरं वाटत होतं.

"दोन वर्षं म्हणजे काही फार नव्हेत, वहिनी," तो म्हणाला. त्याची बोली कधीच राजधानीची झाली होती. "कोठारं कोरडी आहेत, हवेशीर आहेत. गाड्या दर महिन्याला वर येतील."

"आन् पावसाळ्यात? घाट बंद पडल्यावर गाडी कुटनं येनार?"

"घाटाचा रस्ता पक्का करणार आहेत."

"कोन करनार?"

"कारभारी म्हणाले तसं."

गोजराबाई म्हणाली, "घरात बिनआईबापाची दोन नातवंडं हायती, भावजी. तुमच्या दादाची. आशाढात त्यांच्या म्होरं काय ठिवू, तेवढं सांगा."

निंबाजीने तिची समजूत घालावी तशा आवाजात सांगितलं, "वहिनी, तुम्ही तुमच्या घराचं बोलता. मला सगळ्यांचं बघावं लागतं."

दरबार भरला त्या दिवशी गोजराबाई राजवाड्याच्या दारात जाऊन उभी राहिली. पहारेकऱ्याने तिला अडवलं. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याने नीट समजावून सांगितलं. "बाई, तुमच्या वतीने बोलायला आत तुमचाच माणूस बसलाय. तुम्ही आत गेलात तर तुम्ही गैरहजर कशा? मग त्याने बोलायचं कुणासाठी?"

आत राजाने पाटाकडे वळून नेहमीचा प्रश्न विचारला. निंबाजी उभा राहिला. त्याने आपल्या भावाची गोष्ट सांगितली. दोराला हिसका बसला तो कसा, आणि मग दोर सैल पडला तो कसा. राजाने उपरण्याने डोळे पुसले. निंबाजी अखेरीस म्हणाला, "महाराज, ते इथे असते तर म्हणाले असते, की ही थडगी बुजवा."

दार बंद होतं. बाहेर उभ्या असलेल्या बाईला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. हुकूम निघाल्यावरच तिला काय झालं ते कळलं आणि ती आल्या वाटेने परत गेली.

वैशाखात धान्य गाड्यांवर लादून खाली आलं. सातही गावांच्या पेवांत दगड भरले गेले. ज्येष्ठात एकदा गाड्या वर गेल्या, कारभाऱ्याने शब्द पाळला. आषाढात पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी निम्मा घाट दरीत गेला. रस्ता पक्का करायचं अजून बोलणंच चाललं होतं.

कोठारं भरलेली होती. कोरडी होती, हवेशीर होती. गाड्या धान्य भरून घाटाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, आणि बैल चिखलात पाय रोवून उभे होते. निंबाजी दोनदा पाठीवर पोतं घेऊन चढायला निघाला आणि दोनदा कडा ढासळून खाली आला. राजाने पन्नास हमाल पाठवले, त्यातले सहा दरीत गेले आणि बाकीचे परतले. कारभाऱ्यालाही खरंच वाईट वाटलं. चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी तो नदीवरच्या जकातीविषयी बोलायला प्रधानांच्या ओसरीवर गेला, कारण ते कामही केव्हाचं अडून होतं.

कार्तिकात वाट मोकळी झाली. पहिल्या गाडीच्या पुढे निंबाजी चालत होता. पहिल्या गावात चूल पेटलेली घरं तीन होती. दुसऱ्या गावात एकही नव्हतं. आपल्या गावात तो पोचला तेव्हा गोजराबाई उंबऱ्यावर बसलेली होती. तिच्या हातांची नुसती काटकं झाली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि परड्यात मातीचे दोन लहान उंचवटे होते.

निंबाजी तिच्या पायाशी बसला. जे एवढे दिवस त्याला टेकू देत होतं तेच त्याच्या तोंडून निघालं. "वहिनी, मी कुणाचा एक दाणा घेतला नाही. देवाशपथ."

"घ्येतला असतात तर बरं झालं असतं, भावजी," गोजराबाई म्हणाली. तिला रागवायचंसुद्धा बळ उरलं नव्हतं. "लाच खानाऱ्याला आपन काय इकतोय ते ठावं तरी असतं. तुमी आमाला फुकट दिऊन आलात."

एवढं बोलून ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

निंबाजी पुन्हा राजधानीला गेला नाही. राजाचे जासूद दोनदा येऊन गेले, मग यायचे थांबले. निंबाजीने पहार घेतली आणि पेवांतले दगड एकेक करून काढायला लागला. त्याला कुणी अडवलं नाही, आणि मदतीलाही कुणी आलं नाही. सातही गावांची पेवं मोकळी करायला त्याला तीन वर्षं लागली. रोज संध्याकाळी तो गोजराबाईच्या अंगणात येऊन बसे. आता तिचं सगळं ऐकायची त्याची तयारी होती, अगदी शिव्यासुद्धा. पण त्या तीन वर्षांत ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.

म्हणून लहानांनी आणि थोरांनीही एवढं पक्कं ध्यानात ठेवावं: ज्यांच्या नावाने बोलायचं, त्यांचंच न ऐकता जो बोलतो, तो कुणाचा दाणाही न घेता त्यांचा घात करतो.