पेंडीतलं मीठ

“पेंडीची पोती रिकामी होत चालली आणि वासरंही वाळत चालली. अप्पा, दोन्ही एकदम कसं होतं?”

गुरुसिद्ध अप्पा मठाच्या ओट्यावर अंबाडीचं दावं वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पेंड कोण खातं?”

“वासरं.”

“आणि कुरणातलं गवत?”

“तेही वासरंच.”

“खाताना पाहिलंस?”

समोर उभा असलेला चन्नवीर पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

बेलकणीच्या माळावरच्या त्या मठात चन्नवीरासारखा पाठांतराचा शिष्य दुसरा नव्हता. वचनाचा पहिला शब्द कुणी उच्चारला की पुढचं सगळं तो घडाघडा म्हणे, आणि आपल्याला सारं येतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसे. दिवाळीनंतर वासरांचं दूध तोडलं, तेव्हा अप्पांनी ती त्याच्या हवाली केली. पहिल्याच रात्री वासरांनी आयांसाठी असा हंबरडा फोडला की चन्नवीराला घास गिळवेना. तो उठला आणि त्यांच्यापुढे पेंड ओतली. वासरं गप्प झाली. तेव्हापासून ती हंबरली की तो ओतत गेला.

आता पौष लागला होता. नवं गवत उगवायला अजून सगळा उन्हाळा जायचा होता. पेंड संपली तर वासरं गावात वाटून टाकू, असं अप्पा सहज बोलून गेले होते. तेव्हापासून चन्नवीर रोज उठून पोती मोजत होता.

“नाही पाहिलं,” तो शेवटी म्हणाला.

“मग बघून ये.”

सकाळी तो कुरणात जाऊन बाभळीखाली बसला. गवत वाळून पिवळं पडलं होतं, पण गुडघ्याएवढं उभं होतं. वासरं त्यात तोंड घालत, दोन घास ओढत आणि पुन्हा मठाच्या दिशेला बघत. कुठं पत्रा वाजला की कान टवकारत.

चन्नवीराला मजा वाटली. मग त्याला खोकला आला.

सगळी वासरं धावत सुटली. बघता बघता त्याच्याभोवती कोंडाळं झालं. एक तांबडं, दांडगं वासरू त्याच्या उपरण्यात तोंड खुपसू लागलं. मागं एक बारकं, पांढऱ्या ठिपक्यांचं कवडं वासरू धक्के खात उभं होतं. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या. चन्नवीर रोज पेंड ओतून पाठ फिरवत असे; ती कुणाच्या पोटात जाते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

तो बोरीच्या जाळीमागं लपला. तांबड्यानं त्याला तिथंही हुडकून काढलं.

दुपारी तो परतला, तो अंगभर काटे घेऊन.

“अप्पा, ती चरत नाहीत. वाट बघतात.”

“कुणाची?”

“पेंडीची … म्हणजे, माझीच.”

अप्पांनी दावं खाली ठेवलं.

“पेंड कशासाठी घालायची, चन्नवीरा?”

“पोट भरावं म्हणून.”

“पोट गवतानं भरतं. वाळलेलं गवत नुसतं पचत नाही, म्हणून वर थोडी पेंड. गवत अंगी लागावं म्हणून घालायची, गवत सुटावं म्हणून नाही.”

चन्नवीर विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला.

“कळलं! उद्यापासून कोठीला कुलूप. मी स्वतः मापून घालीन.”

“कुलपापाशी कोण उभं राहील?”

“वासरं.”

“आणि किल्लीपाशी?”

“… मी.”

अप्पा उठले. स्वयंपाकघरातून ओंजळभर जाडं मीठ आणलं, घमेल्यातल्या पेंडीत कालवलं आणि घमेलं पुढं केलं.

“चाख.”

चन्नवीरानं चिमूटभर जिभेवर ठेवली. तोंड वाकडं केलं आणि तांब्याभर पाणी प्यायला.

“आणखी घे.”

“नको!”

“का? मी कुठं हात धरलाय?”

चन्नवीर घमेल्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं.

“आता ही पेंड दुपारच्याला ने,” अप्पा म्हणाले, “वासरं चरून बसली की. गव्हाण कुरणाच्या पार टोकाला ठेव. आणि शेजारची पाण्याची डोण कायम भरलेली हवी. पाणी आटलं तर हेच मीठ वैरी होईल.”

पहिले काही दिवस वाईट गेले. वासरं सकाळी मठाच्या दारात येऊन हंबरायची. चन्नवीर आत कानांवर उपरणं गुंडाळून बसायचा. एकदा तर त्याचा हात पोत्याकडे गेलाही, पण तो तसाच मागं आला.

दुपारी तो डोण भरायला जाई आणि थांबून बघे. तांबडं हावरेपणानं तोंड घाली, चार घास खाई, फुरफुरे आणि पाण्याकडे वळे. तेवढ्यात कवडं पुढं सरके. त्याला कुणी ढकलत नसे. हे बघायला चन्नवीर रोज थोडा जास्तच रेंगाळू लागला.

हळूहळू दारातलं हंबरणं थांबलं. वासरं पार ओढ्यापर्यंत पांगू लागली. होळी आली तरी कोठीत पोती शिल्लक होती, आणि कवड्याच्या पाठीवर हात फिरवला की तुळतुळीत लागे. वासरं वाटून टाकण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

एके दिवशी संध्याकाळी चन्नवीर कुरणातून आला आणि ओट्यावर अप्पांजवळ बसला. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

“काय रे? वासरं बरी आहेत ना?”

“उत्तम आहेत, अप्पा.”

“मग?”

“आज मी मुद्दाम खोकलो …”

“बरं.”

“एकानंही मान वर केली नाही. माझी वाट कुणी बघत नाही आता.”

अप्पा त्याच्याकडे वळले. माळावरून वासरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता, दूरदूरून, विखुरलेला.

“इतके दिवस भूक नेमकी कुणाला लागली होती, चन्नवीरा?”